रिटायर झाल्यावर खान्देशात कुठं राहायचं? मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत ३१ वर्षं काढली, शिक्षिका होते, आमचे हे रेल्वेत. २०१६ ला आम्ही दोघं यावल तालुक्यातल्या त्यांच्या गावी राहायला आलो, नंतर जळगावला आलो, आणि आता मी इथं एकटी आहे. नात्यातले, जुन्या सोसायटीतले, कल्याण-ठाणे-पुणे-सुरतचे बरेच जण फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

सगळ्यात आधी काय बघायचं?

तुमच्या दोघांपैकी एकटं मागे राहणारं माणूस त्या गावात कसं जगेल हे बघा. लोक घर बघतात, हवा बघतात, प्लॉटचा भाव बघतात, आणि सगळा हिशोब दोघांचा करतात, पण दोघं कायम नसतात हो. वाईट वाटतं बोलायला, माझ्या तोंडून तर जास्तच, पण हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नाही आणि त्याचं फळ भोगलं. साधी परीक्षा घ्या. तुमची बायको गाडी चालवत नाही, वय ७४, रात्री दोन वाजता छातीत दुखतंय, ती कोणाचं दार वाजवेल? आणि उलटंही, ती नसली तर भाऊ तुम्हाला दोन वेळचं गरम जेवण कुठून मिळेल? ज्या गावात या दोन्हीची उत्तरं नावानिशी देता येतात ते गाव तुमचं.

मग आपलं मूळ गावच बरं ना, तिथं सगळे ओळखीचे?

आम्हीही हेच म्हणालो होतो. गाव केळीच्या पट्ट्यातलं, सातपुडा समोर दिसतो, ह्यांचा जीव तिथंच अडकलेला. रिटायरमेंटच्या पैशातून जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या छताचं, घर पाडून स्लॅबचं बांधलं. (ती धाब्याची माती उन्हाळ्यात किती गार ठेवायची ते पाडल्यावर कळलं.) पहिलं वर्ष खरंच सुखाचं गेलं, थंडीत शेतावर भरीत पार्टी, तुरीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कळण्याची भाकरी, सगळं.

पण आपण ज्या गावाची आठवण काढतो ते ४० वर्षांपूर्वीचं असतं. ह्यांच्या वयाचे निम्मे मित्र गेलेले, उरलेल्यांची मुलं पुण्याला नाहीतर सुरतला, आणि आळीत रात्री गाडी काढू शकेल असा तरणा माणूस एकच, तोही शेतावर झोपायला जायचा. २०१८ च्या जानेवारीत रात्री ह्यांचा डावा हात उचलेना, बोलणं तोतरं झालं. मला वाटलं थंडीनं झालं असेल, बाम लावला, सकाळी बघू म्हटलं. सकाळी जीप मिळाली, पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅनच नव्हतं, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, तिथं पोचेपर्यंत नऊ तास झाले होते. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं जे इंजेक्शन असतं ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मला त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. पुढे ते १४ महिने होते.

म्हणून सांगते, मूळ गावी राहा, पण तिथून सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यापर्यंत रात्री किती वेळ लागतो हे एकदा स्वतः गाडीत बसून घड्याळ लावून मोजा, आणि १०८ ला फोन करायला लाजू नका.

उन्हाळा सहन होईल का?

हा प्रश्न मुंबई-पुण्याचे हसत हसत विचारतात पण मी फार गंभीरपणे घेते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि तुम्ही २५ वर्षांचे असताना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यायचात तेव्हाचं शरीर आता नाही. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर अंगातलं पाणी लवकर कमी होतं, डॉक्टरांना मार्चमध्येच विचारून घ्या की उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का. म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली कळतच नाही, म्हणून मी सकाळी दोन बाटल्या भरून टेबलावर ठेवते आणि दुपारी चारच्या आत त्या संपल्याच पाहिजेत.

दुपारी नळ सोडला तर टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, आंघोळीची बादली पहाटेच भरून ठेवावी लागते. कामं सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर. बँकेत, तलाठ्याकडे, कुठंही दुपारी जायचं नाही.

आणि कूलरचं लक्षात घ्या, कूलर पाणी पितो. ज्या भागात नळाला पाणी तीन दिवसांनी येतं तिथं कूलरला कुठून घालणार? मग एसी, मग बिल. स्वतःचं घर असेल तर छतावर सोलर बसवा, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत सबसिडी आहे, आणि ऊन तर आपल्याकडे भरपूर. धुळ्याकडे उलट थंडीही कडाक्याची पडते, दमेकऱ्यांनी तेही बघावं.

जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव, अमळनेर, नंदुरबार... यातलं कुठलं?

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि एका शब्दात उत्तर नाही, तुमची मुलं कुठं आहेत त्यावर बरंच आहे. मुलांना रजा दोन दिवसांची मिळते, त्यात ते येऊन जाऊ शकले पाहिजेत, नाहीतर वर्षातून एकदा दिवाळीला तोंड दिसतं.

मुलं मुंबई-ठाणे-नाशिककडे असतील तर मेन लाइनवरचं गाव बघा, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. यात चाळीसगाव मुंबईला सगळ्यात जवळ, गाव आटोपशीर, वर कन्नडचा घाट चढला की संभाजीनगरच्या बाजूला उतरता येतं, पाटणादेवीचा डोंगर जवळ. मला स्वतःला चाळीसगाव फार आवडतं. मोठ्या आजाराला मात्र धुळे, नाशिक नाहीतर संभाजीनगर गाठावं लागतं.

मुलं सुरतला असतील, आणि आपल्या खान्देशातल्या किती घरांची असतात, तर ताप्ती लाइन बघा, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. अमळनेर म्हणजे साने गुरुजींनी शिकवलं ते गाव, प्रताप कॉलेजचं, तत्त्वज्ञान मंदिराचं, २०२४ चं साहित्य संमेलन तिथंच झालं. शिकलेल्या माणसाला बोलायला माणसं मिळतात तिथं, हे म्हातारपणी फार मोठं असतं.

भुसावळ रेल्वेवाल्यांसाठी. रेल्वेचं हॉस्पिटल आहे, उमीद कार्ड (रेल्वेवाल्यांचं दवाखान्याचं कार्ड) चालतं, गाड्या सगळीकडच्या, कॉलनीत जुने सहकारी भेटतात. आम्ही गावाऐवजी सरळ भुसावळला आलो असतो तर, हे मी किती वेळा मनात म्हटलं असेल.

जळगाव सगळ्यात मोठं, दवाखाने आणि स्पेशालिस्ट जास्त, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मेहरूण तलावावर फिरायला जागा आहे. गर्दी, धूळ आणि घरांचे भावही इथंच जास्त. धुळ्यालाही मेडिकल कॉलेज आहे, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन्ही हायवे तिथं भेटतात, म्हणून बसनं नाहीतर स्वतःच्या गाडीनं फिरणाऱ्यांना सोयीचं. रेल्वेला मात्र चाळीसगावची शाखा लाइन एवढीच. मनमाड-इंदूर लाइन धुळ्यावरून जाणार, तिला २०२४ मध्ये केंद्रानं मंजुरी दिली, ३०९ किलोमीटरची आहे. पण एजंट तिच्या नावावर प्लॉट विकत असेल तर घेऊ नका, तुमचं वय ६२ आहे, लाइन होईल तेव्हा होईल.

शिरपूर, चोपडा छान आहेत, पाणी-शिक्षण सगळं बरं, रेल्वे नाही. गुडघे धड असेपर्यंत एसटी चालते, पुढचा विचार करा.

तोरणमाळ, पाल अशा थंड ठिकाणी?

चार दिवस जरूर जा. राहायला नको, दवाखान्याला घाट उतरायचा असतो.

पाण्याचं कोणाला विचारायचं?

बिल्डरला नाही, त्या गल्लीत धुणं वाळत घालणाऱ्या बाईला विचारा. किती दिवसांनी येतं, किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, मे मध्ये टँकर लागतो का आणि केवढ्याला. रात्री एक वाजता नळ येणार असेल तर सत्तरीत मोटर लावायला कोण उठणार? बोअर आहे म्हणाले तर किती फूट आहे विचारा. यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात पाणी खूप खोल गेलंय, बागायत दिसते हिरवीगार पण आजूबाजूचे बोअर आटलेले असतात.

मुंबई-पुण्याचा फ्लॅट विकून यायचं का?

दोन वर्षं विकू नका. हे मी हात जोडून सांगते. भाड्यानं द्या, ११ महिन्यांचा करार रजिस्टर करा, पोलिसांत भाडेकरूची माहिती द्या, आणि त्या भाड्यातच इकडं अर्धं घर चालतं. आमच्या ओळखीच्या एकांनी फ्लॅट विकून बंगला बांधला, दीड वर्षात वहिनींना करमेना म्हणून परत गेले आणि आता तिकडं त्याच भागात भाड्यानं राहतात कारण तेवढ्या पैशात तिथं काही येईना.

विकायचंच ठरलं तर भांडवली नफ्याचा टॅक्स सीएला आधी विचारा, व्यवहार झाल्यावर नाही. राहतं घर विकून दोन वर्षांत दुसरं घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर सूट मिळते, पण कागद आणि मुदती पाळाव्या लागतात. उरलेल्या पैशातले काही पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये ठेवा, एप्रिल २०२३ पासून मर्यादा ३० लाख केली आहे.

प्लॉट किंवा थोडं शेत घेऊन ठेवू का, स्वस्त मिळतंय?

प्लॉट एनए (बिगरशेती) आहे का, लेआउट मंजूर आहे का, सर्च रिपोर्ट काढला का, तीनही हो असतील तर बोला. शेतातला दोन गुंठ्यांचा तुकडा स्टॅम्प पेपरवर लिहून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. शेत घ्यायला तुम्ही मुळात शेतकरी असावं लागतं, म्हणजे कुठंतरी सातबाऱ्यावर नाव हवं. नंदुरबार, नवापूर, शहादा, साक्री, चोपडा या बाजूला आदिवासी जमिनी बऱ्याच आहेत, त्या बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाहीत, कितीही ओळखीचा मध्यस्थ असला तरी.

आणि मला मनापासून वाटतं ६० नंतर शेतीत नव्यानं पडू नये. मे-जूनच्या वादळात एका रात्रीत केळी आडवी झालेली मी डोळ्यांनी पाहिलीय, ज्यांनी आयुष्यभर तेच केलं ते लोक सकाळी बांधावर नुसते बसून होते.

वडिलोपार्जित घरात हिस्सा आहे, तेच दुरुस्त करून राहिलं तर?

आधी हिस्सा कागदावर आणा, मग विटेला हात लावा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ म्हणजे मालकी नाही, तो कर आकारणीचा उतारा आहे. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर प्रॉपर्टी कार्ड कोणाच्या नावावर निघालं ते बघा. बहिणींचा हक्क आहे, २००५ च्या दुरुस्तीपासून तर मुलीही मुलांइतक्याच वाटेकरी आहेत, म्हणून त्यांच्या सह्या राजीखुशीनं घ्या, आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीला चहा देता देता सही मागू नका. भावाशी भांडण होणार असं दिसत असेल तर पाच लाखांचा हिस्सा सोडून भाड्यानं राहिलेलं परवडतं, रोज सकाळी दार उघडल्यावर वाकडं तोंड बघायला नको.

घर कसं असावं?

तळमजला. बाकी सगळं नंतर. लिफ्ट आहे म्हणून चौथा मजला घेतला तर लाइट गेल्यावर काय करता? पश्चिमेच्या भिंतीला बेडरूम नको, ती भिंत रात्री ११ पर्यंत तापलेली असते, हात लावून बघा. स्लॅबला उन्हाळ्याआधी चुना मारायचा. कमोड, बाथरूममध्ये धरायला दांडा, खरबरीत फरशी, उंबरे काढून टाका, आणि बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा बाहेरूनही उघडता येईल असं करा, आत माणूस पडलं तर दाराला अडकतं. आमच्या गावच्या घराला ओट्यापासून रस्त्यापर्यंत पाच पायऱ्या होत्या, ह्यांनी हौसेनं काळा पॉलिश दगड बसवला होता. आजारपणात व्हीलचेअर तिथंच अडायची, चार माणसं उचलायला लागायची आणि ते मान खाली घालून बसायचे. उतार ठेवा, आत्ताच ठेवा.

पेन्शन, कार्डं, सवलती, हे बदलताना त्रास होतो का?

फार नाही, पण आल्या आल्या करून टाका. पेन्शनच्या खात्याची शाखा बदलता येते, ईपीएसवाल्यांना, म्हणजे पीएफ ऑफिसचं पेन्शन असणाऱ्यांना, २०२५ पासून कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून पेन्शन मिळते. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, नातवाला सांगा किंवा सेतूत जा. आधारचा पत्ता बदला.

७० पूर्ण असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, फक्त तुमच्या गावातला कुठला दवाखाना त्या यादीत आहे आणि कुठल्या आजाराला हे आधी जाऊन विचारून या. एसटी ७५ नंतर फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, आणि बायकांना २०२३ पासून सगळ्याच वयात अर्धं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद, लोअर बर्थचा कोटा आहे तो मात्र तिकीट काढताना विसरू नका.

एक महत्त्वाचं. बायकोच्या नावाचं जॉइंट खातं, पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) तिचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का हे जिवंतपणी तपासा. माझ्या आधारवर एक जन्मतारीख आणि पीपीओवर दुसरी होती, सहा महिने फॅमिली पेन्शन अडकलं, तेही त्या दिवसांत जेव्हा मला घराबाहेर पडवत नव्हतं. आणि हे पेन्शन पूर्ण मिळत नाही, शेवटी मूळ पगाराच्या ३० टक्क्यांवर येतं, तेव्हा जागेचा खर्च त्या आकड्यावर बसवा.

घर मुलाच्या नावावर करून देऊ का?

मृत्युपत्र करा, बक्षीसपत्राची घाई नको. केलंच तर आमचा सांभाळ करायचा ही अट त्यात लिहिलेली पाहिजे, २००७ चा आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा आहे, त्यात प्रांतांकडे दाद मागता येते, पण अट कागदावर नसेल तर फार अवघड जातं. मुलं वाईट असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही, माझा मुलगा रोज रात्री नऊला फोन करतो. पण कागद नीट असला की नातंही नीट राहतं.

मला गावी जायचंय पण बायको तयार नाही. कसं समजवू?

समजवू नका, ऐका. भाऊ, तुम्ही तुमच्या गावी परत चाललात, ती नाही. तिचं माहेर वेगळं, आणि ३० वर्षं तिनं त्या सोसायटीत, लोकलच्या डब्यात, भिशीत, भजनी मंडळात जी माणसं जोडून ठेवली ती सगळी तुम्ही एका टेम्पोत भरून आणू शकत नाही. गावी आल्यावर तुम्ही पारावर बसाल, ती परत सून होईल, डोक्यावर पदर, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा, कानबाईच्या सणाला २० माणसांचे रोट. मी ६० व्या वर्षी परत सून झाले होते, मला विचारा. तिच्या बहिणीचं किंवा मैत्रिणीचं गाव पर्यायात ठेवा. मी जळगावला आले ते माझी धाकटी बहीण इथं दोन गल्ल्या सोडून राहते म्हणून, आणि आज मी धड आहे ती तिच्यामुळं.

करमेल का?

पहिले तीन महिने पाहुण्यासारखे जातात, चौथ्या महिन्यात भिंती दिसायला लागतात. तेव्हा रोज ठरल्या वेळी जायला एक जागा हवी. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, देऊळ, योगाचा वर्ग, काहीही. जळगावचं व. वा. वाचनालय माझं ठिकाण आहे. भाषेचीही गंमत होते, माझं माहेर नागपूरकडचं, अहिराणी मला समजायची पण बोलता येत नव्हती, आता शेजारची पोरगी "काय करी राह्यनी मावशी?" म्हणून डोकावते आणि मी तिला तसंच उत्तर देते, तिला फार हसू येतं.

एकट्या बाईला इथं सेफ आहे का?

मला आहे. समोरच्या घराकडे माझी एक चावी आहे. सकाळी सातपर्यंत माझा बाहेरचा लाइट बंद झाला नाही तर त्यांनी यायचं, असं ठरलंय, आणि पाच वर्षांत ते दोनदा आले, दोन्ही वेळा मी नुसती झोपले होते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

भाड्याचं घर बघायला कधी यावं?

दिवाळीत येऊ नका, तेव्हा सगळं खान्देश छान दिसतं, हवा गार, पाहुणे घरात, नळाला पाणी. १५ एप्रिलला या, भाड्यानं घ्या, १५ जूनपर्यंत राहा, दोघंही. एक दिवस मुद्दाम नवऱ्यानं बाहेरगावी जायचं आणि बायकोनं एकटीनं दिवस काढायचा, गॅस संपला तर, लाइट गेली तर, सगळं. मग उलटं करायचं. आणि ज्या घरात राहाल तिथून संध्याकाळी किराणा, मेडिकल आणि रिक्षा स्टँड चालत किती मिनिटांवर आहे ते बघा, माझ्याकडून चार, सहा आणि नऊ.